झोपलेली मुळं

"तुला जे वाटेल ते कर, दादा! मी एक शब्द बोलणार नाही!"

धाकटीने हातातली कात्री शिलाई मशीनवर आपटली आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. रागाच्या भरात माणूस काय काय बोलतं, आणि घरातली शहाणी माणसं ते कानाआड करतात. पण तिचा दादा पडला सरळमार्गी. त्याने तो राग ऐकलाच नाही, फक्त शब्द ऐकले... आणि ती परवानगी समजून तो कामाला लागला! पुढे कितीतरी दिवस धाकटीला त्या एका वाक्याने छळलं.

भांडण झालं होतं बागेवरून. दादा चार वर्षांनी घरी आला होता, वहिनीला घेऊन, दहा दिवसांची रजा काढून. बहिणीला जरा विसावा द्यावा, आईजवळ आपण बसावं, असा चांगला हेतू मनात धरून आला होता बिचारा. सकाळी चहाचा कप घेऊन तो मागच्या दारी गेला आणि उंबऱ्यावरच थिजला. घरामागच्या उतारावर दगड होते, दगडांमध्ये खडी होती, आणि त्या खडीत जिकडेतिकडे वाळलेल्या काड्या! कोरफड तांबूस पडून आक्रसली होती. बाकी सगळं करपलेलं, भुरकं, मेलेलं...

"आईने वीस वर्षं खपून केलेली बाग, आणि तू ती वाळवून टाकलीस?" तो आत येऊन म्हणाला. "अगं, नळ दारात आहे! बादलीभर पाणी घालायलाही तुला सवड झाली नाही? मग आईकडे तरी काय बघत असशील तू!"

ते शेवटचं वाक्य! धाकटीच्या काळजात ते आरपार गेलं. सहा वर्षं! आईला न्हाऊ घालणं, भरवणं, रस्त्यावरून शोधून आणणं, तिच्या शिव्या खाणं, तिने थुंकलेलं औषध पुसून पुन्हा चमच्यात घेणं... सहा वर्षांत धाकटीने एक अख्खी दुपार स्वतःसाठी घेतली नव्हती, आणि हा चार वर्षांनी येतो आणि विचारतो की आईकडे काय बघतेस! खरं तर तिने एवढंच म्हणायला हवं होतं, की दादा, ती मेलेली नाहीत, झोपलीत. चार शब्द! पण अभिमान आडवा आला. ज्याला दिसत नाही त्याला मी का म्हणून दाखवू, असं तिच्या दुखावलेल्या मनाने घेतलं, आणि ती ते भलतंच वाक्य बोलून बसली.

दादाचाही दोष किती धरावा? तो पाणीपुरवठ्यात इंजिनीअर होता. शहराशहरांना पाणी पोचवता पोचवता त्याचे केस पिकले होते. जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर त्याच्याजवळ एकच औषध होतं, आणि ते नळातून येत असे. शिवाय आईने ही बाग मांडली ती तो शिकायला बाहेर पडल्यानंतर. दिवाळीच्या सुट्टीत यायचा तेव्हा ती फुललेली असायची. तिला उन्हाळ्यात त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

आई तेव्हा पोस्टात खिडकीवर बसत असे. वडील गेलेले, घर गल्लीच्या अगदी टोकाला, मागे नुसता खडकाळ उतार आणि नळाला दिवसाआड पाणी. शेजारणी म्हणायच्या, इथे गवतही उगवायचं नाही. आई म्हणायची, "न उगवायला काय झालं? ज्यांना मागायची सवय नाही, अशी झाडं लावायची." रोज कामावरून येताना ती एक तरी दगड पिशवीत घालून आणायची. तो कसा बसवायचा याचंही तिचं शास्त्र होतं. एक तृतीयांश जमिनीत पुरायचा, आणि वरचं तोंड किंचित मागे कलतं ठेवायचं, म्हणजे पडेल तो थेंब मुळाकडे जातो. माती थोडी, वाळू जास्त, वर खडीचा थर. लावायचं ते वर्षानुवर्षं जगणारं. पेरलं, फुललं, उपटलं असला चार दिवसांचा खेळ तिला आवडत नसे.

आणि झाडांना तिने घरातलीच नावं दिली होती! काळ्या दगडाआडची कोरफड म्हणजे मामंजी, वाटेला जाल तर ओरबाडणार. सेडम या जाड पानांच्या बुटक्या झाडाच्या तीन गुबगुबीत गाद्या म्हणजे तीन जावा, रात्रंदिवस एकमेकींच्या अंगावर चढणाऱ्या. लॅव्हेंडर ही नवी नवरी, पाय जरा ओले झाले की रुसून बसणारी. आणि उन्हाळा आला की पानं टाकून जमिनीखाली गुडुप होणारे आयरिसचे कंद हे जावई, काम संपलं की अंथरुणात! धाकटी लहानपणी रडवेली होऊन विचारायची, "आई, सगळी मेली का गं?" आई खडी बाजूला सारून तिचं बोट मुळाच्या टोकावर ठेवायची. "बघ, टणक लागतंय ना? मेली नाहीत, झोपलीत. झोपलेल्याला उठवून कुणी पाणी पाजतं का?"

सहा वर्षांपूर्वी आई विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग गॅस, मग घराची वाट. त्याच सुमारास कोपऱ्यावरचा चष्मेवाला धाकटीसाठी विचारायला आला होता. भला माणूस! पण तो आला त्या दिवशी आईला घेरी आली, पुढल्या आठवड्यात पुन्हा आली, आणि धाकटीने त्याला सांगून टाकलं की आईला सोडून मला कुठे जाता येणार नाही. तो दोन वर्षं थांबला, मग दुसऱ्या गावी दुकान काढून गेला. धाकटीने नोकरी सोडून घरी पडदे शिवायचं काम घेतलं, मशीन मागच्या खिडकीशी लावलं, आणि एक डोळा शिवणीवर, एक आईवर ठेवून दिवस काढू लागली. हळूहळू आई तिलाही विसरली. "अहो बाई" म्हणू लागली, कामाला ठेवलेल्या बाईला म्हणावं तसं.

पण चार वाजता! दुपारी चार वाजता उतारावरचं ऊन सरकलं की धाकटी आईला बाहेर आणून एका सपाट दगडावर बसवायची. आई चपला काढायची. तिचे हात आपोआप खडीत जायचे, मुळांची टोकं चाचपायचे, जावांची मोजदाद करायचे... आणि कधीतरी, कसं ते देवच जाणे, तिच्या डोळ्यांत ओळख यायची! ती मान वळवून म्हणायची, "चिमे, केस का नाही विंचरलेस आज?" दहा मिनिटं, कधी पंधरा, एखादे दिवशी अर्धा तास, धाकटीला आई मिळायची. बाकीचा सगळा दिवस ती त्या अर्ध्या तासावर काढायची.

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. दादाचा फोन आला की "आई बरी आहे" म्हणून ठेवून द्यायची. सगळं दिलं होतं तिने, नोकरी, चष्मेवाला, वय... एवढा अर्धा तास तेवढा तिचा एकटीचा होता, आणि त्यात तिला वाटेकरी नको होता. लोभच म्हणायचा हा! पण ज्याच्या ताटात एकच घास उरला आहे, त्याच्या लोभाला नावं तरी कुणी ठेवावीत?

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "तू तीन दिवस मावशीकडे जाऊन ये. आम्ही आहोत ना." धाकटीने फुरंगटूनच बॅग भरली. औषधांच्या वेळा लिहून दिल्या. चार वाजताचं मात्र लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी ती परतली तेव्हा फाटकातच तिला ओल्या मातीचा वास आला. ती तशीच घराला वळसा घालून मागे गेली. उतार हिरवागार होता! तयार हिरवळीच्या लांब पट्ट्या आणून अंथरल्या होत्या, कडेने ताटव्यात लाल-पिवळी फुलं ओळीने उभी होती, आणि सगळीकडून काळ्या नळ्या बारीक बारीक ठिबकत होत्या. दगड उपटून कुंपणाच्या भिंतीशी रचलेले. मध्ये दादा उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हात चिखलाने भरलेले, पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलाचं हसू तोंडावर.

"बघ!" तो म्हणाला. "तीन दिवस पाठ टेकली नाही. आता तुला हात लावायला नको, पाणी आपोआप सुटेल."

"माझी... इथली झाडं कुठे आहेत?"

"ती वाळकी? काल कचऱ्याच्या गाडीत गेली. कोरफडही काढली, आईला काटा लागायचा."

वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "वन्सं, बरं झालं आलात. आई तीन दिवस बेचैन आहेत हो. बाहेर आणलं की रडतात. काल दुपारपासून तर एकच धोशा..."

धाकटी आत धावली. आई पलंगाच्या काठावर बसली होती, पायात चपला, मांडीवर उशीच्या अभ्र्यात कोंबलेले कपडे. कुठेतरी निघालेलं माणूस बसतं तशी ताठ बसली होती.

"बाई, मला माझ्या घरी पोचवा हो," ती म्हणाली. "फार दिवस झाले. हे लोक चांगले आहेत, जेवायला देतात, पण हे माझं घर नाही. माझ्या घरामागे दगड आहेत."

"चल, आपण जाऊ या हं..." धाकटीने तिला धरून बाहेर नेलं. चार वाजले होते. आईने गवतावर पाऊल ठेवलं आणि ते ओलं लागताच चटकन उचललं. कितीतरी वेळ ती त्या हिरव्यागार उताराकडे बघत राहिली. मग धाकटीचा हात घट्ट धरून कुजबुजली, "कुणाची बाग आहे ही? इथे नको थांबायला. मालक रागावतील."

धाकटी तिथेच खाली बसली. रडूही आलं नाही तिला! दादा गोंधळून जवळ आला तेव्हा तिने मान वर न करता सगळं सांगितलं. मामंजी, जावा, जावई, खडीत जाणारे हात, चार वाजता येणारी ती ओळख... सहा वर्षं जपलेलं सगळं तिने त्याच्यापुढे ओतलं.

"ती मेली नव्हती, दादा. झोपली होती."

"अगं, मग तू बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू आल्या आल्या सांगायलाच लागलास!"

"तू म्हणालीस, तुला वाटेल ते कर!"

"म्हणाले!" धाकटी एवढ्या जोरात ओरडली की आई दचकली. "म्हणाले रे! माझंच तोंड जळालं मेलं! मला वाटलं होतं तू एकदा तरी मागे वळून विचारशील, की चिमे, का रागावलीस..."

वहिनी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. "मला एका मुळाशी हिरवं दिसलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मी ह्यांना म्हटलंही. मग वाटलं, मला काय कळतं त्यातलं."

दादा तसाच चिखलाच्या पायांनी निघाला. संध्याकाळी परतला तो कचऱ्याच्या मैदानावरून, अंगाला घाण वास, हाताला काचेने कापलेलं, आणि खांद्यावर अर्धं पोतं. त्यात मोडलेल्या काड्या होत्या, कुजक्या भाजीत लडबडलेली काही मुळं होती, एक अर्धी चिरडलेली कोरफड होती. पोतं अंगणात ठेवून तो बहिणीपुढे उभा राहिला. एवढा मोठा साहेब माणूस, पण त्याला धड रडताही येत नव्हतं.

"मला रागाव, चिमे. काहीतरी बोल मला..."

"रागावण्याएवढं बळ नाही रे उरलं," ती म्हणाली. "आधी त्या नळ्या बंद कर."

दादाने रजा महिनाभर वाढवली. हिरवळ गुंडाळून बाहेर काढली, काळी माती उपसली, वाळू आणली. कुठला दगड कुठे होता ते धाकटीला पाठ होतं. इतकी वर्षं मशीनवरून मान वर केली की समोर तेच होते! ती बोट दाखवायची आणि दादा दगड वाहायचा. तिसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली, तरी तो थांबेना. वहिनी बादलीत मुळं धुऊन सावलीत सुकवायला घालायच्या आणि "ह्यांच्या हाती नळाचं चाकही देऊ नका आता," म्हणून नवऱ्याला टोमणा मारायच्या. सगळे जण कसंनुसं हसायचे आणि लगेच कामाला लागायचे.

एकदा घाम पुसता पुसता दादा म्हणाला, "फोनवर तू म्हणायचीस आई बरी आहे. मलाही तेच ऐकायचं असायचं गं. ऐकलं की मी निवांत जेवायला बसायचो."

"आणि मी मुद्दाम म्हणायचे," धाकटी म्हणाली. "तू आलास तर आईची ओळख वाटून घ्यावी लागेल म्हणून. दोघंही सारखेच आपण... तो दगड अजून मागे कलता ठेव. हां, बस."

आयुष्यात पहिल्यांदाच बहीणभाऊ एवढं बोलले असतील. दादाने तिचा खरखरीत हात आपल्या कापलेल्या हातात घेतला आणि दोघंही त्या दगडांमध्ये बसून पोटभर रडली. मनातली अढी गेली. पण गेलेली मुळं काही परत आली नाहीत. पोत्यातल्या चाळीसपैकी सातांनी जीव धरला. जावांपैकी एकच उरली. नव्या नवरीचा तर मागमूसही नव्हता.

आणि आई? रोज चार वाजता तिला त्याच सपाट दगडावर बसवायचे. चपला धाकटीच काढायची. आईचे हात धाकटीच खडीत ठेवायची. ते हात तिथे ठेवल्या जागी पडून राहायचे. डॉक्टर म्हणाले, "स्वतःला दोष देऊ नका. हे आज ना उद्या व्हायचंच होतं." दिलासा म्हणून म्हणाले ते! आज ना उद्या... पण धाकटीला तो 'उद्या' हवा होता हो! आणखी एक उन्हाळा, आणखी दहा-वीस वेळा ते "चिमे", याहून जास्त तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

दादाची रजा संपत आली त्या दुपारी आई बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलली. धाकटी तिच्या पायाशी बसली होती. दादा मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"बाई, तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"माझ्या मुलीचंही नाही झालं." आईने सुस्कारा सोडला. "मीच होऊ दिलं नाही. कुणाला सांगू नका हं... एक चांगला मुलगा आला होता. मला काही घेरीबिरी आली नव्हती. मी आपली डोळे मिटून पडून राहिले. मला भीती वाटली हो, एकटं राहायची."

दारात दादाने चौकट घट्ट धरली. धाकटीच्या कानांत नुसती शिट्टी वाजत होती. तिने आईकडे बघितलं. सुरकुतलेला, निरागस, कुणा परक्या बाईजवळ मन मोकळं करणारा तो चेहरा! राग कुणावर करायचा? ज्या आईने हे केलं, ती केव्हाच निघून गेली होती. आणि उरलेली ही म्हातारी तर डोळ्यांत पाणी आणून क्षमा मागत होती, पण मागत होती ती भलत्याच बाईपाशी...

"ती रागावेल का हो माझ्यावर?" आईने विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. तिचा स्वर तिलाच ओळखू येईना. "नाही रागावणार."

"तुम्हांला काय ठाऊक?"

"मी ओळखते तिला."

"खरंच?" आईचा चेहरा उजळला. तिने धाकटीचा हात दोन्ही हातांत धरला. "मग तिला म्हणावं, एकदा येऊन जा. केस विंचरून ये म्हणावं. सांगाल ना?"

"सांगते, आई..."

आईने झटकन हात सोडवला. तिने इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं नाही ना अशी खात्री केली, आणि अगदी हळू, समजुतीने म्हणाली, "तुम्ही मला आई म्हणू नका हो. तुम्ही चांगल्या आहात, पण ती आली आणि तिने ऐकलं, तर तिला वाईट वाटेल. एकुलती एक मुलगी आहे माझी."

दादा पुढे धावणार, तोच धाकटीने मागच्या मागे हात करून त्याला थांबवलं. मग तिने आईच्या पायात एकेक चप्पल सरकवली, तिला दोन्ही हातांनी आधार देऊन उठवलं आणि म्हणाली,

"बरं. नाही म्हणणार."

आणि त्या दिवसापासून आई गेली त्या दिवसापर्यंत, धाकटीने तिला पुन्हा कधीही आई म्हटलं नाही.